तीनशे चाळीस रुपयांचा फरक

पहिल्या महिन्याचा हिशोब
रात्री साडेअकराला मी सगळ्यांसमोर मांडला.
ग्राहक सात.
त्यांतला एक माझा मावसभाऊ, तो पैसे देत नाही.
एक पैसे देतो, पण सॉफ्टवेअर उघडत नाही.
जमा पाच हजारांच्या आत, खर्च एकतीस.
गंगाजळी आणखी किती दिवस पुरेल
तो आकडा ठळक : सदतीस.
वर माझं नाव, नावाखाली हुद्दा : संस्थापक.
हा शब्द टाइप करताना दर वेळी
मागे कुणीतरी तोंड दाबून हसतंय असं वाटतं.

सियागंजात, मिरचीच्या गोदामावर आमची खोली.
मुर्तझा नाकाला रुमाल बांधून कोड लिहितो,
एक शिंक, एक ओळ.
आम्ही उधारीचं सॉफ्टवेअर विकतो :
कुणाकडे किती, किती दिवसांपासून.
शेठ लोक ऐकून घेतात, चहा पाजतात,
मग हळूच, खुर्ची जवळ ओढून :
"बेटा, ये किसी और को तो नहीं दिखेगा?"
नाही दिखेगा, म्हणते मी,
आणि रात्री घरी येऊन
माझं सगळं चार हजार ओळखीच्यांना दाखवते.
ओळखीचे म्हणजे, ज्यांना मी भेटलेले नाही.

या लोकांत कुणी नुसतं नोकरीला लागत नाही,
प्रत्येकाचा नवा प्रवास सुरू होतो.
ज्याची नोकरी गेली
तो नव्या संधींसाठी खुला असतो.
मी लिहिलं, मंगळवारी नऊ ते दोन यंत्रणा बंद होती.
मुर्तझाने आधीच बजावलं होतं. मी ऐकलं नाही.
त्यावर पुण्याच्या एका बाईंनी टाळ्या पाठवल्या,
बंगळुरूच्या एकाने 'प्रेरणादायी' म्हटलं,
आणि सियागंजातले दोन ग्राहक
त्याच संध्याकाळी सोडून गेले.
तेही लिहिलं. ग्राहक पाच.

बाबा त्याच बाजारात एकतीस वर्षं मुनीम होते.
लाल कापडातली पक्की वही दुकानात,
कच्ची गादीखाली,
आणि तिसरी त्यांच्या डोक्यात.
घरी पगार किती, ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही.
ती महिन्याला जे हातावर येई त्यात भागवायची
आणि उरलं तर सांगायची नाही.
"झाकली मूठ सव्वा लाखाची,"
बाबा पोह्यांवर जिरावण भुरभुरत म्हणाले,
"तू ती चौकात उघडून बसलीस."
उघडली खरी. आत दिवस निघाले,
तेव्हा एकोणीस उरले होते.

दुसऱ्या महिन्याचा हिशोब टाकला त्या रात्री
फोन थरथरला.
दिगंबर सरमंडल तुमच्याशी जोडले जाऊ इच्छितात.
फोटो नाही.
हुद्दा : मुनीम, निवृत्त.
अनुभव : एकतीस वर्षे.
कौशल्ये : बेरीज.
पलीकडच्या खोलीत दिवा चालू होता,
चष्म्याच्या डबीचा टक्क आवाज आला.
मी स्वीकारलं.
लगेच निरोप, बोटाने एकेक अक्षर शोधून लिहिलेला :
चहा-नाश्ता तीनशे चाळीस दोनदा धरले आहेत.
खर्च तितका कमी. दुरुस्त करणे.

मी दुरुस्त केलं. खाली नोंद टाकली :
चूक लक्षात आणून दिली, श्री. दि. सरमंडल.
सकाळपर्यंत अकरा जणांनी
या गृहस्थांची चौकशी केली,
त्यांतले दोघे सियागंजचे.

चहा गाळताना बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले,
"ब्याण्णव साली मला अठराशे मिळायचे.
दिवाळीला वरून पाचशे. पाकिटात."
गाळणी कितीतरी वेळ कपावर तशीच धरलेली.
हा आकडा मी कुठेच मांडला नाही.

मग त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला.
"आणि त्या मावसभावाला आज फोन कर.
दोन महिन्यांचे आहेत त्याच्याकडे."